सहसंयुज संयुगं आणि ॲसिडची नावं: कुठल्या क्रमाने द्यायची आणि गाडी नेमकी कुठे घसरते

सीएसीएल२ ला कॅल्शियम डायक्लोराइड, पीसीएल३ ला नुसतं फॉस्फरस क्लोराइड आणि एच२एसओ४ ला हायड्रोसल्फ्युरिक ॲसिड. ही तीन उत्तरं अकरावीच्या पेपरात इतक्या वेळा दिसतात की तपासणाऱ्यालाही आता त्यांचं काही वाटत नाही, आणि तिन्ही चूक आहेत. गंमत म्हणजे लिहिणाऱ्या मुलाला नियम माहीत असतात. डाय म्हणजे दोन माहीत असतं, हायड्रो माहीत असतं, इक पण माहीत असतं. चुकतं ते एवढंच की समोरचं संयुग कुठल्या गटातलं आहे हे न ठरवता थेट नाव लिहायला घेतलं जातं, आणि मग एका गटाचा नियम दुसऱ्याला लागतो. दहावीपर्यंत मराठी मिडियम आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्लिश, अशा मुलांची तर इथे फारच ओढाताण होते, म्हणून सगळं सावकाश, क्रमाने लिहितोय. क्रम बदलू नका, कारण खरं काम क्रमच करतो.

टायपिंगबद्दल एक सूचना आधीच. इथे सूत्रं देवनागरीत लिहिलीत, वहीत मात्र नेहमीच्या चिन्हांनीच लिहा आणि कॅपिटल-स्मॉल सांभाळा. सी आणि ओ दोन्ही कॅपिटल असतील तर कार्बन मोनॉक्साइड, ओ स्मॉल झाला तर तो कोबाल्ट धातू. घाईत लिहिलेल्या अक्षरामुळे मार्क गेलेली मुलं खूप आहेत.

## आधीची तयारी

पेन उचलण्याआधी तीन गोष्टी पाठ हव्यात, समजून वगैरे नंतर, आधी पाठ.

पहिली, मोजणीचे उपसर्ग: १ मोनो, २ डाय, ३ ट्राय, ४ टेट्रा, ५ पेंटा, ६ हेक्सा, ७ हेप्टा, ८ ऑक्टा, ९ नोना, १० डेका. सहा आणि सात मध्ये गोंधळ होतो, तेवढं जास्त घोका.

दुसरी, आइड लागल्यावर मूलद्रव्याचं नाव कसं बदलतं ते. ऑक्सिजनचं ऑक्साइड, सल्फरचं सल्फाइड, नायट्रोजनचं नायट्राइड, फॉस्फरसचं फॉस्फाइड, कार्बनचं कार्बाइड, हायड्रोजनचं हायड्राइड, आणि फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीनचं फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, ऑक्सिजन असलेले ऋण आयन (मायनस चार्ज असलेले अणूंचे गट), चार्जसकट. ॲसिडचा सगळा भाग यावर उभा आहे आणि हेच लोक टाळतात. सगळे पाठ करायची गरज नाही, फक्त एट वाले (नावाच्या शेवटी एट असलेले) करा. तीन ऑक्सिजनवाले: नायट्रेट, क्लोरेट, ब्रोमेट, आयोडेट (या चौघांवर एक मायनस) आणि कार्बोनेट (दोन मायनस). चार ऑक्सिजनवाले: सल्फेट आणि क्रोमेट (दोन मायनस), फॉस्फेट (तीन मायनस). याशिवाय ॲसिटेट, एक मायनस. आता यातल्या ज्याचं आइट वालं रूप असतं त्यात एक ऑक्सिजन कमी होतो आणि चार्ज तोच राहतो. म्हणजे नायट्रेट एनओ३, नायट्राइट एनओ२, सल्फेट एसओ४, सल्फाइट एसओ३. बस.

सावध: "तीन ऑक्सिजन म्हणजे एट" असा नियम नाही. एनओ३ नायट्रेट आहे, पण एसओ३ वर दोन मायनस असतील तर तो सल्फाइट आहे. ऑक्सिजनचा आकडा बघून शेपूट ठरवू नका, पाठ केलेल्या एट शी ताडून बघा.

## १. आधी गट ठरवा

सूत्र दिसलं की स्वतःला हे प्रश्न याच क्रमाने विचारा.

सूत्र एच ने सुरू होतंय का? हो, तर ॲसिडची शक्यता आहे, पाचव्या पायरीवर जा. (पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हे अपवाद, त्यांना आपण ॲसिड म्हणत नाही. आणि अमोनिया, मिथेन यांत एच असला तरी सुरुवातीला नाही, त्यामुळे त्यांना हा प्रश्नच लागू नाही.)

एच ने नाही, मग पहिलं मूलद्रव्य धातू आहे का? धातू असेल तर संयुग आयनिक धरा आणि मोजणीचे उपसर्ग विसरून जा. सीएसीएल२ म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, एएल२ओ३ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. कॅल्शियमची संयुजा दोनच, त्यामुळे दोन क्लोराइड लागणार हे वेगळं सांगावं लागत नाही. लोखंडासारख्या एकापेक्षा जास्त संयुजा असलेल्या धातूंना आयर्न थ्री क्लोराइड किंवा फेरिक क्लोराइड असं लिहितात, पण तो विषय वेगळा, इथे त्यात शिरत नाही.

दोन्ही अधातू आहेत? मग सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडलेलं, इंग्लिशमध्ये कोव्हॅलंट), दुसऱ्या पायरीवर जा. बोरॉन, सिलिकॉन, अर्सेनिक हे धातुसदृश जेव्हा अधातूबरोबर येतात तेव्हा नावापुरतं त्यांना अधातूच समजा.

सावध: एनएच४सीएल मध्ये एकही धातू नाही, तरी ते सहसंयुज पद्धतीने लिहायचं नाही. एनएच४ हा गट सुरुवातीला दिसला की तो अमोनियम आयन, नाव सरळ अमोनियम क्लोराइड. "नायट्रोजन टेट्राहायड्रोजन..." असं काहीतरी लिहिणारी हुशार मुलंसुद्धा बघितलीत.

सावध: मँगनीज डायऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही नावं तुम्ही सर्रास ऐकली असतील आणि ती चालतातही. पण ती रुळलेली नावं आहेत, त्यांच्यावरून "धातूलापण डाय लावतात" असा नियम काढू नका.

## २. पहिल्या मूलद्रव्याचं नाव

पहिलं मूलद्रव्य आहे तसंच लिहायचं, शेपूट बदलायची नाही. अणू एकच असेल तर उपसर्ग नाही. एकापेक्षा जास्त असतील तर डाय, ट्राय, टेट्रा लावा. सीओ२ मध्ये नुसतं कार्बन. एन२ओ५ मध्ये डायनायट्रोजन. पी४ओ१० मध्ये टेट्राफॉस्फरस.

"मोनोकार्बन डायऑक्साइड" असं कुठेही नसतं. पहिल्याला मोनो कधीच नाही, हे एकदाच डोक्यात बसवा.

सूत्र दिलेलं असेल तर पहिलं कोण हे दिसतंच. पण स्वतः सूत्र लिहायचं असेल तर पहिला मान साधारणपणे कमी विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची ताकद) असणाऱ्याचा, पण तंतोतंत नाही, काही जागा प्रथेने ठरल्यात. रोजच्या वापरासाठी हा क्रम लक्षात ठेवा: बोरॉन, सिलिकॉन, कार्बन, फॉस्फरस, नायट्रोजन, हायड्रोजन, सल्फर, आयोडीन, ब्रोमीन, क्लोरीन, ऑक्सिजन, फ्लोरीन. डावीकडचा आधी. या एका ओळीत बऱ्याच शंका मिटतात. अमोनिया एनएच३ असा का लिहितात आणि हायड्रोजन सल्फाइड एच२एस असा का, तर नायट्रोजन हायड्रोजनच्या आधी येतो आणि सल्फर नंतर. ऑक्सिजन जवळजवळ कायम शेवटी असतो पण फ्लोरीनपुढे त्याला आधी यावं लागतं, म्हणून ओएफ२ चं नाव ऑक्सिजन डायफ्लोराइड, फ्लोरीन ऑक्साइड नाही.

## ३. दुसऱ्या मूलद्रव्याचं नाव

इथे उपसर्ग नेहमी लागतो, अणू एक असला तरी, आणि शेवटी आइड. पीसीएल३ फॉस्फरस ट्रायक्लोराइड, पीसीएल५ फॉस्फरस पेंटाक्लोराइड, एसएफ६ सल्फर हेक्साफ्लोराइड, सीएस२ कार्बन डायसल्फाइड, एस२सीएल२ डायसल्फर डायक्लोराइड. नुसतं फॉस्फरस क्लोराइड लिहिलं तर त्यातलं कुठलं, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही, म्हणूनच उपसर्ग सक्तीचा आहे.

मोनोला क्षुल्लक समजू नका. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे माणसं दगावतात तो वायू कार्बन मोनॉक्साइड, आणि सोड्याच्या बाटलीत फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड. तसंच एनओ२ म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, तपकिरी आणि विषारी, तर एन२ओ म्हणजे डायनायट्रोजन मोनॉक्साइड, जो भूल देताना वापरतात. आकडा कुठल्या अक्षराखाली आहे यावर सगळं अवलंबून.

स्वरांचं काय करायचं? ऑक्साइडच्या आधी मोनोचा ओ आणि टेट्रा, पेंटा, डेका वगैरेंचा आ गिळायची पद्धत आहे: मोनॉक्साइड, टेट्रॉक्साइड, पेंटॉक्साइड, डेकॉक्साइड. आयुपॅकच्या (रसायनांच्या नावांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 2005 च्या नियमांत खरं तर फक्त मोनॉक्साइडलाच ही सूट आहे, बाकी टेट्राऑक्साइड असं पूर्ण लिहायचं. पण आपल्या पुस्तकांत टेट्रॉक्साइड, पेंटॉक्साइडच सापडेल. तुमच्या पुस्तकात जे आहे ते लिहा, एका पेपरात दोन पद्धती मिसळू नका. डाय आणि ट्राय चा स्वर मात्र कधीच जात नाही, एनआय३ नायट्रोजन ट्रायआयोडाइड असंच राहतं. (इथला आय म्हणजे आयोडीन, निकेल नाही, कॅपिटल-स्मॉलचा मुद्दा परत आठवा.)

तपासणी: लिहिलेल्या नावावरून सूत्र परत काढून बघा. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड, दोन एन, चार ओ, एन२ओ४. जुळलं, पुढे चला.

## ४. नावावरून सूत्र, आणि छोटं करायचा मोह

सहसंयुज नावात आकडे उघडउघड दिलेले असतात, त्यामुळे सूत्र लिहिणं हे नुसतं उतरवून काढणं आहे. इथे संयुजा तिरक्या अदलाबदल करून लिहायची पद्धत वापरायची नाही, ती आयनिकसाठी. आणि आकड्यांना दोनने भागून छोटं तर मुळीच करायचं नाही. एन२ओ४ चं एनओ२ केलंत तर तो वेगळाच पदार्थ झाला: एन२ओ४ रंगहीन आणि एनओ२ तपकिरी, दोघं एकमेकांत बदलतात हे खरं, पण रेणू दोन वेगळे. एस२सीएल२ चं एससीएल, एच२ओ२ चं एचओ, हे सगळं याच सवयीतून येतं.

पी४ओ१० वर थोडं थांबतो कारण प्रश्न हमखास येतो. नियमाने ते टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड. पण पुस्तकात, बाटलीच्या लेबलवर "फॉस्फरस पेंटॉक्साइड" दिसतं, ते पी२ओ५ या सगळ्यात साध्या गुणोत्तरावरून पडलेलं नाव आहे. रेणूचं नाव विचारलं तर नियमाचं लिहा, पण दुसरं नाव वाचनात आलं तर तोच पदार्थ हे ओळखा.

पाणी, अमोनिया, फॉस्फिन (पीएच३) ही नावं तशीच वापरायची. डायहायड्रोजन मोनॉक्साइड नियमात बसतं, पण वापरत कोणी नाही.

## ५. ॲसिड: एच बाजूला काढा, उरलेल्याकडे बघा

आता मुख्य भाग. "ऑक्सिजन नसेल तर हायड्रो, असेल तर नाही" असं बरेच जण शिकवतात आणि बहुतेक वेळा ते चालतं, पण एचसीएन आलं की पोरं अडखळतात. त्यापेक्षा एकच सवय लावा: सुरुवातीचे सगळे एच हाताने झाका आणि उरलेल्या आयनचं नाव घ्या. त्या आयनची शेपूट ॲसिडचं नाव ठरवते.

आइड असेल तर हायड्रो पुढे आणि इक मागे.
एट असेल तर इक.
आइट असेल तर अस.

या तिघांशिवाय चौथा नियम नाही. एचसीएन मध्ये उरतो सायनाइड, म्हणजे आइड, म्हणून हायड्रोसायनिक ॲसिड. सीएच३सीओओएच मध्ये ॲसिड देणारा एच शेवटी लिहिलेला असतो, तो काढला की ॲसिटेट, म्हणून ॲसिटिक ॲसिड.

आइडवाल्यांची यादी छोटीच आहे: हायड्रोफ्लोरिक, हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, हायड्रोसल्फ्युरिक, हायड्रोसायनिक. हायड्रोसल्फ्युरिक म्हणजे एच२एस चं पाण्यातलं द्रावण. एच२एसओ४ ला ते नाव देणं म्हणजे गाडीच्या बॅटरीतल्या ॲसिडला सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूचं नाव देणं.

सावध: या गटात पदार्थाची अवस्था बघायलाच लागते. एचसीएल वायूरूपात असेल तर नाव हायड्रोजन क्लोराइड, पाण्यात विरघळलेला असेल, म्हणजे कंसात एक्यू लिहिलेलं असेल, तरच हायड्रोक्लोरिक ॲसिड. प्रश्नात "वायू" किंवा "जलीय द्रावण" हा शब्द सापडला की त्याखाली रेघ मारा. वायूच्या नावात मोनो, डाय काही लागत नाही, एच२एस हा हायड्रोजन सल्फाइडच, कारण हायड्रोजनची संयुजा ठरलेली आहे.

## ६. ऑक्सिजनवाली ॲसिडं

एचएनओ३: एच झाकला, नायट्रेट, म्हणून नायट्रिक. एचएनओ२: नायट्राइट, म्हणून नायट्रस. एच२सीओ३: कार्बोनेट, कार्बोनिक. एच२सीआरओ४: क्रोमेट, क्रोमिक.

सल्फर आणि फॉस्फरसमध्ये मधला भाग थोडा लांबतो: सल्फेटचं सल्फिक होत नाही, सल्फ्युरिक होतं, सल्फाइटचं सल्फ्युरस, फॉस्फेटचं फॉस्फोरिक. इंग्लिशमध्ये लिहिताना एक स्पेलिंग सांभाळा, फॉस्फरस या मूलद्रव्याच्या स्पेलिंगमध्ये आर नंतर थेट यूएस येतं, आणि एच३पीओ३ या ॲसिडच्या स्पेलिंगमध्ये आर आणि यूएस च्या मध्ये एक ओ जास्त असतो. मराठीत दोन्हीचा उच्चार आपण जवळपास सारखाच करतो, त्यामुळे हा ओ सटकतो. सल्फर पीएच ने लिहा की एफ ने, दोन्ही चालतं, आयुपॅकचं एफ वालं आहे.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. एच किती आहेत याचा ॲसिडच्या नावात उल्लेख होत नाही. एच२एसओ४ ला डाय नाही, एच३पीओ४ ला ट्राय नाही. एच ची संख्या आयनच्या चार्जवरून आपोआप ठरते. याच कारणाने एच३पीओ३ चं नाव फॉस्फरस ॲसिड असंच येतं, जरी त्यातले तीनपैकी दोनच एच आयन म्हणून सुटत असले (तिसरा थेट फॉस्फरसला जोडलेला असतो). हा मुद्दा 'नीट' परीक्षेत वगैरे आवडीने विचारतात, पण तो संरचनेचा प्रश्न आहे, नाव देताना त्यात अडकू नका.

सावध: एसओ३ आणि चार्ज असलेला एसओ३ हे दोन वेगळे. चार्ज नसेल तर सल्फर ट्रायऑक्साइड, दोन मायनस असतील तर सल्फाइट. एनओ२ चं तसंच, चार्ज नसेल तर नायट्रोजन डायऑक्साइड, एक मायनस असेल तर नायट्राइट. नाव लिहिण्याआधी उजव्या खांद्यावर काही चिन्ह आहे का हे बघायला दोन सेकंद द्या.

## ७. पर आणि हायपो

क्लोरीनची पाच ॲसिडं एकाखाली एक लिहून बघा, पूर्ण पद्धत उलगडते.

एचसीएल (पाण्यात): क्लोराइड, हायड्रोक्लोरिक
एचसीएलओ: हायपोक्लोराइट, हायपोक्लोरस
एचसीएलओ२: क्लोराइट, क्लोरस
एचसीएलओ३: क्लोरेट, क्लोरिक
एचसीएलओ४: परक्लोरेट, परक्लोरिक

एट पेक्षा एक ऑक्सिजन जास्त झाला की पर, आइट पेक्षा एक कमी झाला की हायपो. शेपूट तीच राहते: पर कायम एट-इक बरोबर, हायपो कायम आइट-अस बरोबर. "हायपोक्लोरिक" किंवा "परक्लोरस" लिहिलं गेलं तर तिथेच थांबा, काहीतरी उलटं झालंय. हायपोक्लोराइट तुमच्या घरातच आहे, लिक्विड ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. काही पुस्तकांत एचसीएलओ हे एचओसीएल असं लिहितात, ॲसिड तेच.

हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस, ऐकायला जवळचे वाटतात म्हणून घाईत अदलाबदल होते. हायड्रो दिसला की सूत्रात ऑक्सिजन नाही, हायपो दिसला की आहे, एवढी खूण पुरते.

## ८. ॲसिडच्या नावावरून सूत्र

उलट क्रमाने जा. समजा फॉस्फोरिक ॲसिड दिलंय. हायड्रो नाही, इक आहे, म्हणजे एट, म्हणजे फॉस्फेट, पीओ४, तीन मायनस, म्हणून तीन एच, एच३पीओ४. सल्फ्युरस दिलं तर अस, म्हणजे आइट, सल्फाइट, एसओ३, दोन मायनस, दोन एच, एच२एसओ३. तयारीत चार्ज पाठ करायला का सांगितलं ते इथे कळतं, चार्ज येत नसेल तर ही पायरी निव्वळ अंदाजाने होते.

तपासणी: एच चे प्लस आणि आयनचे मायनस मिळून शून्य होतायत ना?

## सरावाला आठ, उत्तरांसकट

आधी उत्तरं झाकून स्वतः लिहा, प्रत्येकापुढे गटाचं नाव आधी आणि संयुगाचं नाव नंतर: पी४एस३, एमजीबीआर२, एचबीआर चं जलीय द्रावण, एचबीआरओ३, एन२ओ३, एचएनओ२, आयएफ७, एचआयओ४.

पी४एस३ दोन्ही अधातू, टेट्राफॉस्फरस ट्रायसल्फाइड (कुठेही घासून पेटणाऱ्या काड्यांच्या गुलात हे असतं). एमजीबीआर२ मध्ये धातू, म्हणून मॅग्नेशियम ब्रोमाइड, डाय लिहिलं असेल तर पहिली पायरी परत वाचा. एचबीआर हायड्रोब्रोमिक ॲसिड. एचबीआरओ३ मध्ये ब्रोमेट, म्हणून ब्रोमिक ॲसिड, हायड्रो नाही. एन२ओ३ डायनायट्रोजन ट्रायऑक्साइड, एचएनओ२ नायट्रस ॲसिड. आयएफ७ आयोडीन हेप्टाफ्लोराइड, पहिल्या आयोडीनला मोनो नको.

एचआयओ४ मध्ये आयोडेटपेक्षा एक ऑक्सिजन जास्त, म्हणजे परआयोडेट, म्हणून परआयोडिक ॲसिड. इंग्लिश स्पेलिंग अगदी पिरियॉडिक टेबलमधल्या शब्दासारखंच दिसतं, त्यामुळे वाचताना मुलं "पिरियॉडिक ॲसिड" म्हणून मोकळी होतात, आणि मग त्यात आयोडीन आहे हेच लक्षात येत नाही आणि सूत्र लिहिता येत नाही. मोठ्याने म्हणताना पर आणि आयोडिक वेगळे तोडून म्हणा.